दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी

बायकोचा बोलण्याचा आवाज मला आठवतो. रागावल्यावरचा आठवतो, फोनवरचा आठवतो, झोपेत बडबडायची तो पण आठवतो. गाण्याचा आठवत नाही. चौतीस वर्षं ती गायली आणि तिचा गाण्याचा आवाज माझ्या कानात नाही.

ती गेली त्याला सहा महिने होतील. डोक्यात रक्तस्राव झाला, तीन दिवस हॉस्पिटलात होती, संपलं. पहिले दोन महिने घरात माणसं होती म्हणून काही कळलं नाही. मग सगळे आपापल्या घरी गेले. एक दिवस दुपारी भाताचं आधण ठेवलं आणि उगाच तिचं गाणं आठवायला गेलो, तर काही येईना. ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. त्या दिवशी भात करपला. तसाच खाल्ला.

ती गायची म्हणजे भजनी मंडळात नाही. ती कॉयरमध्ये होती. पन्नास-साठ माणसं एकत्र गातात ते. चर्चमधलं म्हणता येईल, पण फक्त चर्चमधलं नाही. मोठमोठ्या हॉलमध्ये तिकीट लावून व्हायचं, मुंबईला. त्यात जे सगळ्यात मोठं असतं त्याला ओरॅटोरिओ म्हणतात. बायबलमधली एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन सांगायची. पण नाटक नाही. कोणी सोंग घेत नाही, कोणी जागचं हलत नाही. सगळे काळे कपडे घालून उभे, पुढे व्हायोलिनवाले बसलेले, आणि दोन-अडीच तास नुसतं गाणं. चार जण मध्ये मध्ये पुढे येऊन एकटे गातात, त्यांची नावं कागदावर मोठी छापतात. बाकीच्यांची मागच्या पानावर बारीक. माझी बायको मागच्या पानावर.

आम्ही इथलेच, रबाळ्याजवळच्या गावातले. खाडी आमची, मिठागरं आमची, आता कंपन्या आणि बिल्डिंगा. मी सातवी शिकलो आणि एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो. रिटायर होईपर्यंत तेच केलं. ती पनवेलकडची. तिचे वडील चर्चच्या सिस्टर लोकांच्या बोर्डिंगात माळी होते, म्हणून तिला तिथं फुकट शिकायला मिळालं. दहावी झाली, इंग्रजी यायचं, आणि सिस्टर लोकांनी गाणं शिकवलं. बघायला गेलो तेव्हा तिच्या मामानं सांगितलं, पोरगी गाते बरं का. माझ्या आईला फार आनंद झाला. आमच्याकडे लग्नात धवले गातात. धवलारीण बाई पुढे गाते आणि बाकीच्या बायका मागून म्हणतात. आईला वाटलं, घरातच धवलारीण आली.

लग्न झाल्यावर महिनाभरानं आईनं तिला ओट्यावर बसवलं.

"गा काय तरी."

ती गायली. ओट्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कंची भाषा ही?" आईनं विचारलं.

"लॅटिन, आई."

"ती कोन बोलतं?"

"आता कोणी बोलत नाही."

"मंग तुजा देव कसा समजतो?"

बायकोनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्याला सवय झाली असेल." आई हसली. माझी आई सुनेच्या बोलण्याला हसली असं फार वेळा झालं नाही, म्हणून लक्षात राहिलं. बघा, हे बोलणं शब्दाला शब्द आठवतं. त्याच्या आधी ती गायली ते आठवत नाही.

पुढे तिला वाशीच्या एका शाळेत लायब्ररीत नोकरी लागली. तिथल्या गाण्याच्या मास्तरांनी तिला कॉयरमध्ये नेलं. तिथं घ्यायच्या आधी परीक्षा घेतात. कॉयरच्या म्हाताऱ्या सरांनी पियानोवर तीन सूर एकदम वाजवले आणि म्हणाले, यातला मधला गा. ती मला सांगायची, "बाकीच्या वरचा गातात. वरचा कानात भरतो ना. मधला शोधावा लागतो." हिनं मधला गायला. सरांनी पुढे काही विचारलंच नाही, वहीत नाव लिहिलं.

तिला अल्टोत टाकलं. बायकांचे दोन आवाज असतात. वरचा सोप्रानो, त्यांना चाल मिळते, लोक घरी जाताना तीच गुणगुणतात. खालचा अल्टो, त्यांना चालबिल काही नाही. एकाच सुरावर पंधरा-पंधरा वेळा, मग एक पायरी खाली, मग परत तिथंच. मी म्हणायचो, हे काय गाणं आहे का, ही तर हजेरी झाली. ती म्हणायची, "सोप्रानो म्हणजे नवरी. आम्ही करवल्या पण नाही. आम्ही मांडवाचे बांबू."

तिला ते आवडायचं. खरंच आवडायचं. आठवड्यातून दोनदा प्रॅक्टिस, शाळा सुटल्यावर परस्पर जायची. मोठा कार्यक्रम जवळ आला की रोज. पैसे मिळायचे नाहीत, उलट वर्षाला वर्गणी भरायची. गाणी जर्मन, लॅटिन, इंग्रजी. पुस्तकात प्रत्येक ओळीखाली पेन्सिलनं मराठीत उच्चार लिहायची आणि पोळ्या लाटताना तोंडातल्या तोंडात म्हणायची. गावात बोलले की ही बाटली. मी एकाला चांगलं ऐकवलं, बाटली तर आमच्या घरची गौर काय तुझी बायको सजवून जाते का. मग गप्प बसले. पण आईचं आणि तिचं खरं भांडण झालं ते साडीवरून. कार्यक्रमाला बायकांनी काळे लांब झगे घालायचे असा नियम. हिनं सरांना विचारून काळी साडी घेतली. कार्यक्रमाच्या दिवशी नेसून बाहेर आली तर आई दारातच बसलेली.

"सवाशीन बाय तू. संक्रांत नाय, काय नाय, आनि काला नेसून कुनाच्या मयताला चाल्लीस?"

बायको परत आत गेली, हिरवी साडी नेसून आली, काळी पिशवीत घातली आणि हॉलवर जाऊन बदलली. पुढे आई होती तोवर असंच चाललं. जाताना हिरवी, येताना हिरवी.

पहिल्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मध्येच सगळे थांबले, एकदम शांत. मला वाटलं संपलं. मी जोरात टाळ्या वाजवल्या. साडेचारशे माणसांत मी एकटा. पुढची पारशी म्हातारी मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. वर स्टेजवर बायकोनं पुस्तक तोंडासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी चहा देताना एवढंच म्हणाली, "अहो, टाळ्या शेवटी." रागावली नव्हती. पण मी मनाला लावून घेतलं. त्यानंतर चौतीस वर्षांत मी सात वेळा गेलो. सातच. कधी सेकंड शिफ्ट होती, कधी मीच शिफ्ट मागून घेतली.

घरी ती गायची ना, असं पोरगा म्हणतो. पोरगा करंजाड्याला राहतो, रविवारी येतो. म्हणतो, बाबा, आई घरी रोज तर गायची. गायची. आतल्या खोलीत दार लोटून, हळू आवाजात. मी बाहेर टीव्ही लावायचो. मॅच असली की आवाज वाढवायचो. ती कधी म्हणाली नाही की बंद करा. तिनं म्हणायला पाहिजे होतं, आणि मला कळायला पाहिजे होतं. दोन्ही झालं नाही.

तर मी ठरवलं, आवाज शोधायचा. माणूस गेलं तर गेलं, आवाज कुठंतरी असेल. हल्ली सगळं मोबाईलमध्ये असतं.

कपाटात तिच्या तीन सीड्या होत्या. पोरानं त्या मोबाईलवर घेऊन दिल्या आणि आणखी पाच-सहा व्हिडिओ शोधून दिले. मी कानात ते इयरफोनचं बोंडूक घालून ऐकायला बसलो. रोज दुपारी. व्हिडिओत ती दिसते. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी. तोंड उघडतं, मिटतं, पान उलटतं. ऐकू येतात साठ माणसं. मी डोळे मिटून ऐकलं, उघडे ठेवून ऐकलं, आवाज वाढवला, कमी केला.

कंपनीत माझं नाव होतं. बारा मशीन एकदम चालू असायची, आणि मी लांब स्क्रू ड्रायव्हर एकीला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचो आणि सांगायचो, आतलं बेअरिंग जातंय, आठ दिवसांत बसेल. आठव्या दिवशी बसायचं. इंजिनिअर लोक येऊन बघायचे की हा सातवी पास माणूस कसा ओळखतो. तो माणूस मी. आणि साठांतून स्वतःची बायको मला ओळखता येईना. महिनाभर बसलो. एकदा वाटलं सापडली, एका ठिकाणी एक आवाज जरा जाड लागतो, तो हिचाच. चार दिवस तेवढंच लावून ऐकत होतो. मग पोरानं व्हिडिओ मोठा करून दाखवला. त्या वेळी तिचं तोंड बंद होतं.

एकटीचा आवाज टेप व्हायची वेळ एकदा आली होती. ती मी घालवली. ते पण सांगतो.

पोरगा तेव्हा नववीत होता. कॉयरचा मोठा कार्यक्रम होता, बाहेरून परदेशी सर आले होते. पुढे उभं राहून एकटं गाणारी जी अल्टो बाई, ती आजारी पडली. तिची दोन गाणी होती. एक दुसऱ्या बाईला दिलं, आणि एक माझ्या बायकोला. छोटंच, पाच मिनिटांचं. पण एकटीनं, पुढे येऊन, व्हायोलिनवाल्यांच्या शेजारी उभं राहून. आणि त्या कार्यक्रमाची सीडी निघणार होती. घरी आली तेव्हा चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली आणि मला सांगितलं. तिला मी चप्पल घालून स्वयंपाकघरात आलेली तेवढ्या एका दिवशी पाहिली.

तीन आठवडे तिनं तयारी केली. आणि कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना माझी आई गेली.

सुतक लागलं. आमच्यात दहावं होतं, बारावं होतं, तेराव्याला सुटतं. तेवढे दिवस देवाला हात लावायचा नाही, गोडधोड नाही, गाणंबजावणं तर नाहीच. टीव्हीवर चादर टाकली होती. कार्यक्रम दहाव्याच्या आदल्या दिवशी येत होता. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं. भाऊबंद बाहेर बसले होते.

"अहो, मी नुसती जाऊन गाऊन येऊ का? कोणाला सांगणार नाही. ते देवाचंच गाणं आहे."

मी म्हणालो, "घरात सुतक आहे आणि तू स्टेजवर उभी राहणार? लोक शेण घालतील तोंडात."

"लोकांना कळणार कसं?"

"मला कळेल ना."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं. आत गेली आणि पाहुण्यांच्या चहाच्या कपबशा धुवायला बसली. त्या धुतलेल्याच होत्या.

सुतक पाळलं याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. रीत आहे, पाळली. पण आता रोज दुपारी एकटा बसलो की विचार येतो. माझ्या आईला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? ती काळ्या साडीला नडली, पण सून कार्यक्रमाला गेली की शेजारणींना सांगायची, आमची सून मोठमोठ्या लोकांसमोर गाते, तिला परदेशचे देव ओळखतात. ती म्हणाली असती, जा गो बाय, मी काय आता उठून बघनार हाय. मेलेल्या माणसाचं नाव पुढे करून मी माझी लाज राखली. ते गाणं दुसऱ्याच बाईनं गायलं. ती सीडी पण कपाटात आहे. त्यात माझी बायको कुठंच नाही, रांगेत पण नाही.

मग दोन महिने ती प्रॅक्टिसला गेली नाही. तिसऱ्या महिन्यात परत जायला लागली. त्या गोष्टीवर पुन्हा कधी बोलली नाही. मी पण विचारलं नाही.

मध्ये ती लॉकडाऊनची दोन वर्षं आली. तेव्हा कॉयरवाल्यांनी घरोघरी गाणं चालवलं. प्रत्येकानं आपापल्या घरी मोबाईलवर आपला एकट्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि सर ते सगळे जोडून एक गाणं करणार. हिनं आतल्या खोलीत कपाटाची दारं उघडी टाकली, खिडकीला गोधडी लावली. म्हणे आवाज घुमत नाही. मला तेव्हा खोकला होता. दोन वेळा रेकॉर्डिंगमध्ये माझा खोकला आला तर म्हणाली, "अहो, जरा जिन्यात बसता का?" मी जिन्यात जाऊन बसलो. पाऊण तास बसलो, शेजाऱ्याशी पाण्याच्या टाकीवरून बोलत होतो. दाराच्या पलीकडे ती एकटी गात होती, आणि मी टाकीवर बोलत होतो.

हे आठवलं तेव्हा मी अंथरुणातून उठूनच बसलो. तो आवाज तर असणार. तिच्या मोबाईलमध्ये बघितलं, नव्हता. मेमरी भरली की ती सगळं पुसून टाकायची. मग सर उरले. आणि सरांपर्यंत जायचं तर सानपाड्याची ताई.

सानपाड्याची ताई म्हणजे तिची मैत्रीण. वसईकडची ख्रिश्चन, बँकेतून रिटायर झालेली. वीस वर्षं दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून गायल्या. मी फोन केला तर म्हणाली, या ना भाऊजी, विचारायचं काय त्यात. गेलो. तिनं चहा केला, खारी दिली. मी सरळच बोललो.

"मला तिचा एकटीचा आवाज पाहिजे. लॉकडाऊनमध्ये पाठवला होता तो."

तिनं माझ्यासमोरच सरांना फोन लावला. इंग्रजीत बोलली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. फोन ठेवला आणि म्हणाली, "गाणं जोडून झाल्यावर सुटे आवाज त्यांनी काढून टाकले, भाऊजी. साठ जणांचे किती ठेवणार? त्यांना पण वाईट वाटतंय."

मी खारी बुडवून खात राहिलो. मग म्हणालो, "जोडलेल्यात तरी तिचा कुठला ते सांग. तू तर शेजारी उभी होतीस."

"ते नाही सांगता येणार."

"वीस वर्षं शेजारी उभी राहून?"

"म्हणूनच नाही सांगता येणार." ती जरा हसली. "आमचं कामच ते आहे. सगळ्या अल्टो मिळून एक बाई गातेय असं वाटायला पाहिजे. एखादीचा वेगळा ऐकू आला तर सर थांबवतात. तिला वीस वर्षांत एकदाही थांबवलं नाही. तुमच्या बायकोसारखी मिसळणारी दुसरी नव्हती."

मला ते शाबासकीसारखं वाटलं नाही. मग मी विचारू नये ते विचारलं. म्हणालो, सुतकात मी तिला जाऊ दिलं नाही, ते गाणं गेलं. ती कधी काही बोलली का?

ताई उठून कप ठेवायला गेली. तिथूनच म्हणाली, "त्यानंतर तिला दोनदा विचारलं होतं एकटीनं गाण्यासाठी. तिनं नाही म्हटलं."

"का?"

"म्हणाली, मला रांगेतच बरं वाटतं."

"खरं म्हणाली की माझ्यामुळे?"

"मी पण तेच विचारलं होतं तिला. तर म्हणाली, आधी तुझा खालचा सूर नीट लाव, मग मला विचार."

यावर आम्ही दोघं हसलो. तशीच होती ती. पण उत्तर मिळालं नाही, आणि आता ते मिळणार नाही.

निघताना ताई म्हणाली, "तिच्याकडे कॉयरचं पुस्तक आहे. हिरवं, जाडं. ते परत लागेल. मी येऊन घेऊन जाऊ का, की तुम्हीच शनिवारी प्रॅक्टिसला घेऊन येता? बसा थोडा वेळ. ऐका." मी म्हणालो, आणतो.

शनिवारी पुस्तक घेऊन वाशीला गेलो. शाळेचा हॉल, तीस-पस्तीस माणसं आली होती, बाकीचे येत होते. नवे सर तरुण आहेत, चाळिशीचे. पुस्तक घेतलं, माझा हात दोन्ही हातांत धरला. मी मागे खुर्चीवर बसलो. मला वाटलं होतं, तिची जागा मोकळी ठेवली असेल. नव्हती. दुसऱ्या रांगेतल्या बायका सरकून उभ्या होत्या. चौथ्या जागी आता ताई होती.

थोडा वेळ सगळ्यांनी गायलं. मग ताई पुढे जाऊन सरांच्या कानात काही बोलली. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि बाकीच्यांना बसायला सांगितलं. अल्टो तेवढ्या उभ्या राहिल्या. सात जणी. सर मोडक्या मराठीत म्हणाले, "काका, हे फक्त यांचं. तुमच्या मिसेसची लाइन."

त्यांनी सुरू केलं. बाकीचे नाहीत, व्हायोलिन नाही, पियानो नाही. मी पहिल्यांदाच ते असं उघडं ऐकलं. चाल अशी काही नव्हतीच. एक सूर, तोच, मग खाली, मग आणखी खाली. घरात आतल्या खोलीतून यायचं ते हेच असणार. मी हात गुडघ्यांवर ठेवून बसलो आणि ऐकत राहिलो, आता ओळखू येईल, आता येईल म्हणून. सात बायका होत्या, आणि त्यांच्यातली एकही माझी नव्हती, हे डोक्याला कळत होतं. तरी शोधत होतो.

शेवटी एक लांब सूर आला, फार खालचा. तो त्या धरून राहिल्या. आणि तो मध्येच पातळ झाला. पातळ होत होत एका क्षणी नव्हताच. मग परत आला.

सरांनी हात खाली केला. एका पोरीनं पुस्तकात मान घातली. सरांनी ताईकडे बघितलं आणि ताई मराठीतच बोलली, मला ऐकू जावं म्हणून असेल.

"तिथं मी श्वास घेते, सर. मी श्वास घ्यायचे तेव्हा ती धरून असायची. एवढ्या खाली आम्हा दोघींचाच आवाज जायचा. बाकीच्यांचा जात नाही."

मग सर बाकीच्यांना समजावत होते, त्यावरून मला कळलं ते असं. एवढा लांब सूर एका दमात कोणीच गाऊ शकत नाही. म्हणून वाटून घेतात. एकीनं श्वास घेतला की शेजारची धरून ठेवते, तिनं घेतला की ही. कोणी कधी घ्यायचा ते ठरलेलं, पुस्तकात पेन्सिलनं खूण केलेली. ऐकणाऱ्याला वाटतं कोणी श्वास घेतच नाही. वीस वर्षं ताईनं त्या जागी बिनधास्त श्वास घेतला.

मी खुर्चीवर नीट बसलो. महिनाभर मोबाईलमध्ये शोधलं ते इथं होतं. तिचा आवाज नव्हे. पण तो केवढा होता, कुठून कुठपर्यंत होता, ते मला सूर तुटला त्या खंडात ऐकू आलं होतं. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. सरांना सांगावंसं वाटलं, आणखी एकदा असंच गा.

सरांनी एका नव्या मुलीला पुढे घेतलं. तिला तो खालचा सूर गायला लावला. पहिल्यांदा जमला नाही, तिसऱ्यांदा जमला. ताईला म्हणाले, तुम्ही दोन मात्रा आधी श्वास घ्या, ही धरेल. ताईनं पुस्तकातली जुनी खूण खोडरबरानं पुसली आणि नवी केली. खोडरबराचा कचरा फुंकरीनं उडवला.

मग परत गायले. तो सूर आला आणि शेवटपर्यंत सरळ गेला. कुठं पातळ झाला नाही.

सर वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "कसं वाटलं, काका?"

मी म्हणालो, "पहिल्यांदा गायल्या ते जास्त चांगलं होतं."

सगळ्या हसल्या. प्रेमानंच हसल्या, म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतंय म्हणून. सर पण हसले. ताई हसली नाही. तिनं पुस्तक बंद केलं, परत उघडलं. बसलेले लोक उठून आपापल्या जागी उभे राहिले आणि सरांनी सगळं पहिल्यापासून घ्यायला सांगितलं.